गोजीचा घास

फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अल्याड कोळथडी गाव होतं आणि पल्याड करंजांची दाट राई होती. गावातलं मोठं माणूस गेलं की त्याला घाटावर अग्नी द्यायचे, दहाव्याला भाताचा पिंड ठेवायचे आणि कावळ्याची वाट बघायचे. कावळा शिवला की गेलेला जीव सुखाने पुढे गेला, असं सगळे मानायचे. लहान मूल गेलं तर त्याला होडीतून पल्याड नेऊन करंजांखाली मातीत ठेवायचे. त्याला पिंड नसायचा. ज्याचे दुधाचे दात पडले नाहीत, तो अजून देवाचाच, त्याला कसला पिंड, असा गावाचा नियम होता.

त्या गावात येसाक्का राहायची. नवरा लवकर गेलेला. लोकांचं दळण दळून ती पोट भरायची. तिला एकच मुलगी होती, गोजी. गोजीला एका जागी बसवत नसे, आणि आई जात्यावर बसली की ती दाणे घालण्याऐवजी दाणे उधळायची. तिचा पहिला दात पडला तेव्हा येसाक्काने रीतीप्रमाणे तो शेणाच्या गोळीत घालून कौलांवर टाकला आणि म्हणाली, "सांग देवाला, नवा दात दे म्हणावं, तांदळासारखा." गोजी दिवसभर बोळकं दाखवत गावभर फिरली.

नवा दात काही आला नाही. त्याच शिमग्यात गावात गोवर आला आणि गोजी गेली.

तिला करंजांखाली ठेवून आल्यावर येसाक्का भटजींकडे गेली. ओसरीखाली उभी राहून म्हणाली, "माझ्या पोरीचा दहावा करा."

भटजी वाईट माणूस नव्हते. ते हळूच म्हणाले, "बाई, दुधाचे दात पडले नसतील तर पिंड घालता येत नाही."

"एक पडलाय."

"कुठे आहे?"

"कौलांवर टाकला. सगळे टाकतात तसा."

भटजींनी मान खाली घातली. "कौलांवरचा दात गावाला कोण दाखवणार? घरी जा, बाई. रडून घे."

येसाक्का घरी आली, पण रडली नाही. तिने भाकरी केली, तिचा एक लहानसा कोर मोडला, त्यावर गूळ ठेवला आणि परसातल्या दगडी पाट्यावर नेऊन ठेवला. म्हणाली, "पिंड नाही तर नाही. घास तर घालीन."

पण रानातले कावळे कुणाच्या हाकेला येतात थोडेच? करंजांच्या राईतून ते यायचे, शेवग्यावर बसायचे, मान वाकडी करून बघायचे. येसाक्का अंगणात असली की एकही खाली उतरत नसे. मग ती दारात बसू लागली. रोज तीच वेळ, तेच विटकं लुगडं, तीच हाक, "या रे, गोजीचा घास आहे." त्यांच्याकडे थेट बघायची नाही. जमिनीकडे बघत हाताने नुसते दाणे निवडत राहायची. पावसाळा गेला, थंडी पडली, आणि ती दारातून पायरीवर, पायरीवरून पाट्याजवळ सरकली. शेवटी एका सकाळी एक थोटा कावळा, ज्याच्या उजव्या पायाला बोटंच नव्हती, उड्या मारत आला आणि तिच्या हातावरून घास घेऊन गेला. तो सरळ नदीपार, करंजांकडे उडाला. त्या दिवशी येसाक्का पहिल्यांदा रडली, आणि मग जेवली, असं म्हणतात.

पुढे कावळे तिचेच झाले. ती दळायला निघाली की चार-दोन डोक्यावरून उडत सोबत यायचे. पाण्याला गेली की रहाटाच्या खांबावर बसायचे. गावाला मोठी गंमत. पाणवठ्यावरच्या बायका विचारायच्या, "येसाक्का, जावई जेवून गेले का गं?"

"गेले की. वर म्हणतात, गूळ कमी होता."

शेजारची हौसाबाई तेवढी चिडायची. "अगं, कावळा अंगाला लागला तर माणूस डोक्यावरून आंघोळ करतं. आणि तू त्याला खांद्यावर घेतेस?"

"त्याचं कुणी नाही, माझं कुणी नाही. कोण कुणाला बाटवणार?"

"बरं बाई. जेवलीस का?"

"गोजी जेवली की जेवते," येसाक्का म्हणायची. हौसाबाईला वाटायचं, दुःखाने बोलते बिचारी. येसाक्का शब्दशः खरं बोलत होती, हे तिला कळलं नाही. थोट्याने घास उचलल्याशिवाय येसाक्का पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे.

असं बरेच दिवस चाललं. मग गावच्या रायाजी पाटलाचे वडील वारले. दहाव्याला घाटावर पिंड मांडला. पाटलाने हात जोडले. "आबा, बहिणींना अंतर देणार नाही," म्हणाला. "आबा, तुमची विहीर पुरी करीन," म्हणाला. ऊन डोक्यावर आलं, भात सुकला, तरी एक कावळा फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा लागला. पाटलाला ते फार लागलं. घाटावरून परत येताना त्याने बघितलं तर येसाक्काच्या कौलांवर कावळ्यांची ही रांग!

तो तसाच तिच्या दारात गेला. "माझा बाप तिकडे उपाशी राहिला आणि तुझ्या घरी पंगत उठते?"

"पाटील, मी त्यांना धरून ठेवलं नाही हो."

"पोट भरलेला कावळा घाटावर कशाला येईल? उद्यापासून तुझ्या घरातून एक शीत बाहेर पडता कामा नये. हा गावाचा शब्द आहे."

येसाक्काने गावाचा शब्द मोडला नाही. तिने परसाचं दार लावून घेतलं.

कावळे दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. शेवग्यावरून ओरडले, मग दारावर चोची मारल्या. आत येसाक्का कानांवर पदर घेऊन बसून राहिली. मग ते कौलांवर उतरले आणि कौलं उकरू लागले. खापऱ्या सरकल्या, माती खाली पडली. आणि असं म्हणतात की, एका दुपारी धुराड्याच्या फटीतून थोट्याने मान आत घातली आणि चोचीतलं काहीतरी चुलीजवळ टाकलं. येसाक्काने ते उचललं. वाळक्या शेणाची फुटकी गोळी होती. तिच्यात तांदळाएवढा पांढरा दात होता.

ती तो तळहातावर घेऊन किती वेळ बसली कुणास ठाऊक. मग म्हणाली, "उपाशी आहेस का गं माझे बये?"

दात पदरात बांधून ती पाटलाच्या वाड्यावर गेली. भिंतीला धरत धरत गेली, कारण पायात बळ उरलं नव्हतं. पदर सोडून तिने दात दाखवला. "पाटील, हा बघा, कावळ्याने कौलांवरून आणून दिला. पडला होता दात. आता तिचा पिंड घाला. नाहीतर मला एकच घास बाहेर ठेवू द्या. एकच, एवढासा."

रायाजी पाटलाने दात बघितला. त्याचं मन हललं नाही असं नाही. पण आतल्या खोलीत त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळून होती. तो म्हणाला, "कावळ्याने आणलेला दात कुणाचा म्हणून मानायचा, येसाक्का? आणि उद्या माझ्या आईला कावळा शिवला नाही तर? मी कुणाच्या दारात जाऊ?"

येसाक्काने पदराला पुन्हा गाठ मारली. "तुमच्या आईला शिवेल हो," एवढंच म्हणाली आणि घरी आली.

बंदी आल्यापासून हौसाबाई तिला रोज भाकरी नेऊन द्यायची. दुसऱ्या दिवशी ताटली रिकामी मिळायची, म्हणून ती निश्चिंत होती. एका सकाळी तिने हाक मारली आणि आतून ओ आली नाही. येसाक्का जात्याला टेकून बसली होती. जीव कधीच गेला होता.

बायका घर आवरायला लागल्या तेव्हा शिंक्यावर टोपली सापडली. टोपलीत हौसाबाईच्या सगळ्या भाकरी होत्या, वाळून कडक झालेल्या. प्रत्येक भाकरीचा एक लहानसा कोर मोडलेला होता, आणि ते कोर गुळाच्या खड्यांसकट वेगळ्या वाटीत ठेवलेले होते. हौसाबाई ती वाटी हातात घेऊन मटकन खाली बसली. "ती खरंच सांगत होती गं," म्हणाली. "गोजी जेवली की जेवते, म्हणायची. आपण गोजीला जेवू दिलं नाही."

ही गोष्ट गावभर झाली. त्या दिवशी कोळथडीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही, असं म्हणतात. येसाक्काला सख्खं कुणी नव्हतं. रायाजी पाटील न बोलावता पुढे आला आणि त्याने अग्नी दिला.

दहाव्याला सगळा गाव घाटावर लोटला. पिंड मांडला, माणसं मागे सरकली. आणि कावळे आले. एवढे आले की अल्याडची सगळी झाडं काळी झाली. पण एकही ओरडला नाही आणि एकही खाली उतरला नाही. थोट्या सगळ्यांत खालच्या फांदीवर बसून पिंडाकडे बघत होता.

पाटील ओलेत्याने उभा होता. "येसाक्का, तुझ्या घरात रोज दिवा लावीन." कावळा हलला नाही. "बंदी उठवली. तुझ्या पाट्यावर रोज घास पडेल." कावळा हलला नाही. पाटलाने हात जोडले. "माझी चूक झाली, आक्का. पदर पसरतो." तरी नाही.

दिवस कलू लागला. भटजींनी सुस्कारा टाकून दर्भाची काडी हातात घेतली. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हौसाबाई पुढे आली. तिच्या मुठीत येसाक्काच्या पदराची गाठ होती, अग्नी द्यायच्या आधी तिनेच ती कापून ठेवली होती.

"ती कशी जेवेल?" हौसाबाई म्हणाली. "पोर जेवल्याशिवाय ती आयुष्यात जेवली नाही. आधी पोरीचा पिंड मांडा."

"हौसाबाई, दुधाचे दात..." भटजींनी सुरुवात केली.

हौसाबाईने गाठ सोडली आणि दात त्यांच्यापुढे धरला. "एक पडला होता. तुम्हीच विचारलंत ना, गावाला कोण दाखवणार? कावळ्याने दाखवला. आणखी कोण साक्षीदार हवा?"

भटजींनी दर्भ खाली ठेवला. मग रायाजी पाटीलच वाकला. त्याने भाताची लहानशी मूठ केली, दात तिच्यात ठेवला, वर गुळाचा खडा लावला आणि तो पिंड येसाक्काच्या पिंडाला टेकवून ठेवला. मग म्हणाला, "गोजे, ये बाळा. जेवून घे."

थोट्या फांदीवरून उतरला. लंगडत आला. त्याने लहान पिंड चोचीत उचलला आणि नदीवरून सरळ पल्याड, करंजांच्या राईत गेला. तो दिसेनासा झाला तेव्हा बाकीचे सगळे कावळे येसाक्काच्या पिंडावर उतरले. एक शीतही उरलं नाही.

थोट्या पुन्हा कुणाला दिसला नाही.

पाटलाची आई त्यानंतर दोन पावसाळे जगली. ती गेली तेव्हा पाटलाने तिच्या पिंडाशेजारी आधी लहान पिंड मांडला, आणि कावळ्याने वाट बघायला लावली नाही.

तेव्हापासून कोळथडीत कुणाचाही दहावा असो, मोठ्या पिंडाला टेकून मुठीएवढा एक पिंड ठेवतात. त्याला गोजीचा घास म्हणतात. ज्या बाईचं मूल करंजांखाली आहे, ती त्या दिवशी घाटावर येते, त्या घासावर गुळाचा खडा ठेवते आणि आपल्या लेकराचं नाव मनात घेते. तिला कुणी अडवत नाही, कुणी दात विचारत नाही. कावळा येतो, आधी लहान घास उचलतो, मगच मोठ्याला शिवतो. कधी उलटं झालेलं कोळथडीत कुणी पाहिलं नाही, असं म्हणतात.