भिवराबाईच्या वालांची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. आटपाट नगरात भांडण ऐन रंगात आलं होतं. ओटीवर सासू, अंगणात सून, कुंपणाला अर्धं नगर. सासूचं नाव भिवराबाई. तिचा शब्द कुणी कधी खाली पडू दिला नव्हता. सुनेचं नाव येसू.

त्या नगराची चाल अशी, की श्रावणातल्या दर शुक्रवारी नव्या सुनेनं वाल भिजवून फडक्यात बांधावे, मोड आले की जिवतीपुढं वाटी ठेवावी. येसूनं पहिल्या शुक्रवारी बांधले, मोड आले नाहीत. दुसऱ्या शुक्रवारी बांधले, मोड आले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी बांधले, वाल नुसते आंबले.

"हिच्या हातात जीव धरत नाही, कुशीत काय धरणार?" भिवराबाई कडाडली. "येत्या शुक्रवारी बोचकं बांध, जा माहेरी!"

बाया म्हणाल्या, "भिवराबाई कधी चुकल्यात?"

येसू रडली नाही. म्हणाली, "जाते, आत्याबाई. पण एकदा तुमच्या हातानं भिजवून बघा."

"बघच आता! हत्तीच्या सोंडेएवढे मोड आणते!"

मग भिवराबाईनं न्हाऊन मडक्यातले वाल काढले, भिजवले, बांधले. फडकं सोडलं, तर एकालाही मोड नाही. कुणी पाहिलं नव्हतं. गव्हाणीत ओतले असते, तर गाय काही बोलली नसती. पण बाईला चैन पडेना. मग चुकलं कुणाचं? तिनं शेजारच्या चांगुणेकडून ओंजळभर वाल आणले, येसूपुढं ठेवले. "हे भिजव." येसूनं भिजवले, बांधले. फडकं सोडलं, तर पांढरेशुभ्र मोड, एकमेकांत गुंतलेले!

मग भिवराबाईनं घरचा वाल फोडला, नाकाशी धरला. भाजल्याचा वास आला. मग तिला आठवलं. किडा लागेल म्हणून उन्हाळ्यात तिनंच ते तव्यावर शेकून ठेवले होते.

शुक्रवार आला. येसूला घालवायला बाया जमल्या. चांगुणा भिवराबाईच्या कानाशी लागली, "गप्प राहा गं. कुणाला कळतंय? तुझं नाव जाईल."

"जाऊ दे. खोटं नाव घेऊन जिवतीपुढं कुठल्या तोंडानं बसू?"

मग तिनं एका हातात घरचे वाल धरले, दुसऱ्या हातात चांगुणेचे. सगळ्यांना दाखवले. सुनेचं बोचकं आपल्या हातानं सोडलं. आणि चारचौघींत असं काही बोलली, की नगरानं तो बोल उचलून धरला.

जिवती प्रसन्न झाली. येसूची कूस उजवली, तशी तुमची आमची उजवो. चुकलं तिथं चुकलं म्हणायला भिवराबाईएवढी छाती तुम्हांआम्हांला होवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, गोड मानून घ्या. आणि बायांनो, वाटी ठेवताना भिवराबाईचा तो बोल म्हणायला विसरू नका:

"वाल मी भाजले, पोरी, तुझा हात जिवंत आहे, ये, वाटी तू ठेव."