एकही मोठी आग नाही

लष्कराच्या दारूगोळा डेपोत फायरमन म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले ज्ञानोबा इथापे बायको गेल्यापासून एकटेच राहत. लष्करभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना सल्ला द्यायला शाळेने बोलावलं, तेव्हा कुणीतरी आठवण काढली म्हणून ते हरखून गेले.

भाषण सुरू होताच संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब मध्येच म्हणाले, “अख्ख्या नोकरीत मोठ्या आगी किती विझवल्यात?”

“एकही नाही.”

“मग पगार फुकटच घेतलात की!” सभागृह हसलं.

“साहेब, दारूगोळ्याला मोठी आग लागली, तर आकडा सांगायला माणूस उरत नाही. मी उरलोय.”

हसू विरलं. एका मुलीने विचारलं, “काका, आम्ही काय तयारी करावी?”

“धावायचं तर शिकवतील, पोरी. पण काहीच घडलं नाही, तर तुझी कुणी विचारपूसही करणार नाही. तेवढं सोसायला शीक.”