कुठले तुम्ही?

"…म्हणजे मी बोलणंच सोडून देऊ का, बाबा?"

भैरोबाबांनी डोळे उघडले नाहीत. मठाच्या ओसरीवर खांबाला पाठ लावून ते बसले होते आणि उन्हाची एक पट्टी त्यांच्या पायावरून हळूहळू सरकत होती.

"सोड की," ते म्हणाले.

कुंजबुवाला हे उत्तर नको होतं. बोलणं सोडतो म्हटलं की बाबा दचकतील, 'अरे येड्या' म्हणतील, निदान एक डोळा तरी किलकिला करतील, एवढी त्याची माफक अपेक्षा होती.

"कायमचं सोडीन म्हणतो मी. मौन."

"चांगलं असतं मौन. घशाला आराम."

…

आता हा कुंजबुवा कोण, ते सांगायला हवं.

वारणेकाठच्या या मठात तो ऐन जवानीत आला होता, दूर दक्षिणेच्या माडांच्या मुलखातून. एका रात्रीपुरता टेकतो म्हणाला. दाढी निम्मी पांढरी झाली तरी ती रात्र काही सरली नव्हती. त्याचं खरं नाव कुंजुण्णी. ते गावातल्या एकाही जिभेवर बसेना, म्हणून गावानं त्याचा कुंजबुवा करून टाकला. आणि आपल्याला एक साधं नाव म्हणता येत नाही, याची गावाला कधी तिळभर लाज वाटली नाही.

कुंजबुवाचं मराठी मात्र असं, की त्यात खोट काढायला पंचांग बघून मुहूर्त काढावा लागला असता. तो मराठीत निरूपण करी, मराठीत भांडे आणि स्वप्नंही मराठीतच बघे. बाजारात वांग्यांवरून हुज्जत घालायला लागला की माळीण शेवटी टोपलीच पुढे सरकवून म्हणे, "न्या बुवा, पण आता गप बसा."

खोड होती ती एकच. सुराची.

शब्द अस्सल इथला. पण तो तोंडातून सरळ बाहेर पडत नसे. आधी माडावर चढे, शेंड्याला जरा झोके घेई, मग सरसर खाली येई.

ही खोड घालवायला कुंजबुवानं काय केलं नाही? तान्ह्या पोराची जीभ सुटावी म्हणून चाटवतात तसं वेखंड मधात उगाळून चाटलं. जीभ जागची हलली नाही. जेवणाची चव तेवढी गेली. मग मठातल्या पोपटासमोर बसून त्यानं सुराचा सराव मांडला. पोपट बिचारा गुणी. त्यानं कुंजबुवाचाच सूर उचलला. तेव्हापासून म्हणे रानातले पोपट मठाच्या पिंपळावर येऊन बसतात आणि पिंजऱ्याकडे मान वाकडी करून विचारतात, "कुठला रे तू?"

हे माझं नव्हे, गावाचं म्हणणं.

…

"परवा काय झालं सांगू, बाबा?"

"सांग."

"सांगून काय उपयोग म्हणा."

"मग नको सांगू."

कुंजबुवा उठला, दोन पावलं गेला, परत आला. मग सांगितलंच.

"मरणावर बोलत होतो. सगळी सभा रडत होती. पुढ्यात एक म्हातारा बसलेला, त्याच्या डोळ्यांना तर धारा लागलेल्या. संपल्यावर तो उठला. काठी टेकत टेकत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता हा जिवाशिवाचं काहीतरी विचारणार. मी मन घट्ट केलं…"

"मग?"

"म्हणाला, 'महाराज, तुम्ही मूळचे कुठले म्हणायचे?'"

बाबांच्या मिशीचं एक टोक हललं. वाऱ्यानंही हललं असेल.

"दर वेळी हेच, बाबा. मी देवाकडे बोट दाखवतो आणि लोक माझ्या बोटाचं गाव विचारतात. दमलो मी. गेल्या साली घरी जाऊन आलो. म्हटलं, तिथं तरी कुणी विचारणार नाही. तर देवळाबाहेर फुलं घेताना फुलवाली म्हणते, 'पाहुणे कुठले?' आणि बहीण हसते, म्हणते, दादा, तू आता मराठ्यासारखं बोलतोस… इकडेही परका, तिकडेही परका. मग बोलायचं तरी कशाला?"

"तेच म्हणतोय मी. नको बोलूस."

"पण आज कोथळगावात निरूपण आहे!"

ते होतंच. नदीपल्याड कोथळगावात मठाच्या थोरल्या महाराजांची पुण्यतिथी होती, आणि त्या दिवशी मठातल्या माणसानं बोलायचं अशी चाल. दर साली भैरोबाबा बोलत. यंदा थंडीत त्यांच्या छातीनं दगा दिला होता. दोन वाक्यं झाली की तिसऱ्याच्या जागी खोकला येई. कुंजबुवा बोलला तरच बोलणं होणार होतं. नाही तर लोक जेवून घरी जाणार होते आणि थोरल्या महाराजांची ती पहिली मुकी पुण्यतिथी ठरणार होती.

"मी जाऊन बसेन," बाबा म्हणाले. "जमेल तेवढं खोकेन. म्हातारा खोकला की लोकांना ज्ञान मिळाल्यासारखं वाटतं."

"बाबा…"

"मला पल्याड तेवढं पोचव. नावेला हाक मारायला माझ्यात वारा उरला नाही. एवढी एक हाक मार, मग खुशाल मौन धर."

…

वारणेच्या त्या उताराला, म्हणजे नाव लागायच्या जागी, एक रीत होती.

नाव पल्याड, दादू नावाड्याच्या खोपटापाशी बांधलेली. अल्याडहून हाक घालायची, "नाव आणा होऽऽ!" की दादूनं यायचं. पण टवाळखोर हाक मारून उसात दडून बसायचे आणि दादू रिकामाच वल्ही मारून जायचा. शेवटी तो कंटाळला. आवाज ओळखीचा असेल तरच उठायचं, नाही तर कूस बदलायची, असं त्यानं ठरवून टाकलं.

दोघं काठाशी आले तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. बाबा एका धोंड्यावर बसले.

कुंजबुवा पाण्याच्या कडेला उभा राहिला. ही आपली शेवटची हाक, तर ती तरी निर्दोष जावी, असं त्यानं मनाशी घेतलं. गळा आवळला, जिभेला वेसण घातली, माडावर चढू पाहणारा शब्द पाय धरून खाली ओढला.

"नाव आणा होऽऽ!"

खरं सांगायचं, तर हाक सुरेख उतरली. त्या काठी जन्मलेल्या माणसानं घालावी तशी. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. एवढ्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते आज, तोंड बंद करायच्या दिवशी, जमलं होतं.

त्यानं वळून बाबांकडे पाहिलं.

"झकास," बाबा म्हणाले.

पल्याड काही हललं नाही.

त्यानं पुन्हा हाक घातली. पहिल्याहून सरस. काठावरचे बगळे उडाले. खोपटातून धूर निघत होता, तो तसाच निघत राहिला.

"झोपला असेल का, बाबा?"

"दादू? दादूला झोप कुठली. नुसता पडलेला असतो."

पाण्यावरून गार वारा यायला लागला. पल्याडच्या देवळात गॅसबत्ती लागलेली दिसली. बाबा खोकले आणि बराच वेळ खोकत राहिले. धोंड्यावर दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी घोंगडी ओढून घेतली. त्यांचे ओठ काळेनिळे दिसत होते.

कुंजबुवानं तिसरी हाक घातली, चौथी घातली, सगळ्या अस्सल. मग पल्याडच्या देवळात घंटा वाजली. लोक जमले होते. इकडे म्हातारा कुडकुडत होता. आणि कुंजबुवाच्या आत काहीतरी फाटलं. गळ्याचं, जिभेचं, कशाचंच त्याला भान राहिलं नाही.

"अहो दादूऽऽ! म्हातारा थंडीनं मरायला लागलाय इथं! नाव आणता की येऊ पोहून तिकडे, आणि बुडवू तुम्हाला तुमच्याच नदीत?"

एकेक शब्द माडावर चढला, झुलला आणि सरसर खाली उतरून वारणेच्या पाण्यावरून थेट पल्याड गेला.

खोपटाची ताटी लगेच सरली. कंदील बाहेर आला.

"आलोऽऽ बुवा, आलो!"

…

नाव अल्याडला लागली तसा दादू पाण्यात उडी टाकून उतरला.

"काय हे बुवा! मगाधरनं गप का उभं ऱ्हायलासा? एक हाक घालायची!"

"चार घातल्या."

"न्हाई ओ. तुमची हाक मी वळकीत न्हाई व्हय? लाखात वळकंन."

"मग त्या आधीच्या कुणाच्या होत्या?"

"त्या व्हय?" दादूनं बाबांना दंडाला धरून नावेत चढवलं. "त्यो हितलाच कुनीतरी हुता. चांगलं मराठी मानूस. आमची मान्सं काय बुवा, वराडतच आसत्यात. म्हटलं, वराडू दे."

कुंजबुवा बाबांच्या मागून नावेत चढला.

ज्या शिफारशीसाठी त्यानं वेखंड चाटलं होतं ती आज मिळाली होती. आणि ती मिळेपर्यंत म्हातारा काठावर गारठत होता.

नाव निघाली. दादू वल्ही मारत होता, बाबा घोंगडीत मुटकुळं करून बसले होते, मधेच एखादा खोकला. पल्याडचे दिवे मोठे होऊ लागले. पारावर बसलेली माणसं दिसायला लागली.

अर्ध्या पाण्यात आल्यावर कुंजबुवानं खाकरून घसा मोकळा केला.

बाबांनी ते ऐकलं.

"बाबा…"

"हं."

"संपल्यावर पुन्हा कुणीतरी येईलच. काठी टेकत. कुठले तुम्ही, म्हणून."

बाबांनी घोंगडीतून हात बाहेर काढला. बोटं पाण्यात सोडली. पाणी त्यांच्या बोटांमधून मागे जात राहिलं…

"मला," ते म्हणाले, "उभ्या जन्मात कुणी विचारलं नाही. मी इथलाच कुणीतरी."