फटीतून आलेली तीन उंबरं

डोंगर अजून कुणाच्या नावावर झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार चिखलानं लिंपून घ्यायची, एक बारीक फट तेवढी ठेवून. पिल्लं मोठी होईपर्यंत नर फटीतून भरवेल तेवढंच तिचं जेवण.

त्या वर्षी एक धनेश रोज तीनच उंबरं आणू लागला. धनेशीण चिडली, तेव्हा म्हणाला, "समोरच्या डोंगरावर ढोलीत बसलेल्या बाईचा नवरा वादळात गेला. तिची पिल्लं उपाशी आहेत, तिला द्यावं लागतं. आपल्या डोंगराची काही इभ्रत आहे की नाही?"

"मग माझ्या पिल्लांनी काय इभ्रत खायची?"

दहाव्या दिवशी धाकट्या पिल्लानं मान टाकली. धनेशिणीचं डोकं फिरलं. फटीला चोच लावून ती दरीपलीकडे ओरडली, "अगं ए! माझ्या लेकरांच्या तोंडचा घास गिळतेस, लाज नाही वाटत?"

पलीकडून थकलेला आवाज आला, "कसला घास, ताई? आम्ही सालीतले किडे खाऊन दिवस काढतोय. तुमचे धनी माझ्या फटीसमोर बसून उंबरं खातात आणि मागितलं की म्हणतात, आधी माझ्या घरची तोंडं! मी तर रोज तुम्हालाच शिव्या घालत होते."

तेवढ्यात धनेश आला. चोचीत तीन उंबरं, आणि हे एवढं सुटलेलं पोट.

"बाकीची कुठं गेली?" धनेशिणीनं विचारलं.

"भिंतीआड बसून तुला बाहेरचं काय कळणार?"

धनेशिणीनं तिन्ही उंबरं पिल्लांना भरवली आणि भिंतीवर चोच हाणली. चिखलाचं ढेकूळ त्याच्या तोंडावर बसलं. तो हसला.

मग दरीपलीकडूनही तशीच ठकठक सुरू झाली.