हौसाबाईंच्या फडाकडे आलेली आग

कृष्णाकाठच्या शेरवडी गावी सखानाथ महाराजांचा मुक्काम होता. ऊस तुटला की रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवून द्यायचे, ही गावाची जुनी रीत. महाराज मात्र सांगत, "भुईचं पांघरूण जाळू नका. कुजलं की तेच तिचं अन्न होतं."

ऐकले एकट्या हौसाबाईंनी. पतीच्या पश्चात त्या एकट्याच शेती पाहत. त्यांनी सगळे पाचट सरींत पसरून ठेवले. शेजारचे रंगराव पाटील चारचौघांत हसले. बुवाच्या नादाने हौसाने शेतात सरपण रचले आहे, ठिणगी पडायचा अवकाश, असे ते म्हणाले. ते शब्द हौसाबाईंच्या मनातून जाईनात. कुठे धूर दिसला की त्यांचा जीव खालीवर होई.

आणि एके दुपारी तेच झाले. पाटलांच्या गड्यांनी त्यांचे पाचट पेटवले, वारा सुटला आणि जाळ हौसाबाईंच्या बांधाकडे धावत निघाला. माणसे ओले डहाळे घेऊन झोडपत होती, पण आग मागे हटेना. पाचटाखाली नुकतेच कोवळे फुटवे आले होते. आपल्याच हातांनी आपण घात केला, असे त्यांना वाटले.

इतक्यात महाराज बांधावर येऊन उभे राहिले. शांतपणे म्हणाले, "हौसाबाई, वारा उलटा फिरवू का?"

हौसाबाईंनी पलीकडे पाहिले. वारा फिरला तर आग पाटलांच्या गोठ्यावर जाणार होती. आत गाई-बैल दाव्याला ओढ देत हंबरत होते.

"नको, महाराज," त्या कशाबशा म्हणाल्या. "तिकडं मुकी जनावरं बांधल्यात. माझा उसाचा फड जाऊ द्या."

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून बांधावर अंथरले. काय ती गुरुकृपा! उसळत आलेला जाळ त्या उपरण्यापाशी दमल्या बैलासारखा खाली बसला आणि विझला. ना फड जळला, ना गोठा.

बांधापलीकडे उभ्या पाटलांनी हे सारे ऐकले-पाहिले आणि ते जनावरांना चुचकारायला गोठ्याकडे गेले.

पुढे वैशाखात विहिरी तळाला लागल्या. पाटलांचा खोडवा, म्हणजे तुटल्या उसाच्या खोडांतून पुन्हा फुटलेला ऊस, उन्हाने करपू लागला. हौसाबाईंचा ऊस मात्र कमी पाण्यातही हिरवागार उभा होता. पाटील एकदा न राहवून त्यांच्या फडात शिरले. पाचट बाजूला सारून त्यांनी मातीत हात घातला. माती गार होती, ओली होती. मुठीत गांडुळे वळवळत होती. त्या वर्षी हौसाबाईंना खतासाठी पैसा घालावा लागला नव्हता, आणि ऊस सगळ्या शिवारात उजवा होता.

तसेच मातीचे हात घेऊन पाटील महाराजांकडे गेले आणि पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी त्यांना वरच्यावर धरले.

"पाटील, तुमचा गोठा मी नाही राखला. जिनं राखला, तिच्याकडे आधी जा."

हौसाबाई दारात शेण्या थापत बसल्या होत्या. सगळ्या आळीदेखत रंगराव पाटलांनी पागोटे काढले आणि त्यांच्या पुढ्यात वाकून म्हणाले, "ताई, यंदा माझ्या रानात पाचट कसं पसरायचं, तेवढं दाखवायला या."