लाल मातीतल्या खापऱ्या

एकदा एका वस्तादांकडे त्यांचा लाडका पठ्ठा एक मागणं घेऊन आला, आणि त्यावर वस्तादांनी जे केलं ते पाहून अख्ख्या तालमीनं कपाळाला हात लावला. काळ संस्थानी होता. घरोघरी जन्माचे दाखले असण्याचे ते दिवस नव्हते. फौजेत भरती व्हायला अठरा वर्षं पूर्ण हवीत, असा नियम मात्र होता. आता तो पडताळायचा कसा? तर भरतीला येणारे सुभेदार गावच्या वस्तादांना विचारत. ज्यानं पोराला लहानपणापासून मातीत लोळवलं, त्याच्याइतकं त्या पोराचं वय आणखी कोणाला ठाऊक असणार! वस्ताद 'झाला' म्हणाले की झाला, 'अजून नाही' म्हणाले की पोरगा घरी. अशी रीत होती आणि ती सगळ्यांना मान्य होती.

मागणं घेऊन आलेल्या पठ्ठ्याचं नाव हैबती. वय सोळा, पण अंगपिंड असा की अनोळखी माणसानं त्याला सहज वीस-बावीसचा म्हणावं. दंड भरलेले, मान आखूड आणि जाड, ओठांवर मिसरूड. शेजारचा एक जण आदल्या वर्षी फौजेत गेला होता. तो रजेवर आला तेव्हा हैबतीनं त्याचे बूट हळूच पायात घालून पाहिले होते आणि ते त्याला अगदी बरोबर बसले होते. तेव्हापासून ह्या पोराला अन्न गोड लागेना.

"वस्ताद, उद्या सुभेदारसाहेब येणार हाईत," तो म्हणाला. "माझी अठरा पुरी झाल्यात म्हणून सांगा की."

"झाल्यात का?"

"न्हाई. पण काय बिघडतंय? मी कुणाला हार जाणार न्हाई."

"ते मला ठावं हाय. आईला विचारलंस?"

"आई म्हणती, वस्ताद सांगतील तसं. पण काल भाकरी थापताना रडत हुती."

आता हैबतीवर वस्तादांचा किती जीव, हे सांगायला हवं. बाप लवकर गेलेलं हे पोर त्यांनीच वाढवलं होतं, आणि हैबतीही असा आज्ञाधारक की वस्तादांनी 'बैठका मार' म्हणावं आणि त्यानं 'किती' हेसुद्धा विचारू नये. तालमीत त्याचं उदाहरण देत असत. शिष्य असावा तर असा, असं लोक म्हणत, आणि खरं सांगायचं तर तुम्ही-आम्हीही तेच म्हटलं असतं.

थोड्या वेळानं वस्ताद उठले. परड्यात फुटक्या कौलांचा ढीग पडला होता, तिकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यातल्या खापऱ्या पाटीत भर, आन् हौद्यात टाक. खोऱ्यानं मातीत चांगल्या कालव."

ज्यांनी तालीम पाहिलेली नाही त्यांना ह्या वाक्यातला अनर्थ कळणार नाही. हौदा म्हणजे कुस्तीचा खड्डा. त्यातली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती महिनोन्‌महिने मुरवतात. बारीकसा खडा सापडला तरी उचलून बाहेर टाकतात. हौद्यात उतरण्याआधी पैलवान त्या मातीला हात लावून कपाळाशी नेतो. तिथे खापऱ्या टाकायच्या? म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय!

हैबतीच्या मनातही तेच आलं असणार. पण त्यानं पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि हौद्यात रिकामी केली. खोरं घेऊन माती वरखाली केली. दोन ठिकाणी बोटं कापली, ती त्यानं लंगोटाला पुसली. जोर-बैठका टाकून बाकीची पोरं बघत उभी राहिली. एकालाही तोंड उघडायचं धाडस झालं नाही, कारण वस्तादांना कारण विचारायची तालमीत पद्धतच नव्हती. थोड्या वेळानं माती वरून पहिल्यासारखी मऊ, लालभडक दिसू लागली.

मग वस्तादांनी सोपानाला हाक मारली. सोपाना हा तालमीतला सगळ्यात लहान गडी, कुस्तीपेक्षा खिदळणंच जास्त. हैबतीदादाशी खेळायला मिळणार म्हणून तो उड्या मारतच आला. तो इतका वेळ बाहेर होता, त्यामुळे खापऱ्या टाकताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"हैबती, ह्याला उचल आन् धोबीपछाड मार. पाठीवर आपट."

हैबतीनं एकवार वस्तादांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा दगडासारखा. सोपानाचा हात धरला, वळला, त्याला कमरेवर घेतला आणि वर उचलला. ते पोरगं वरती फिदीफिदी हसत होतं.

"थांब!"

वस्ताद एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या देवळातली कबुतरं उडाली. त्यांनी पुढे होऊन सोपानाला स्वतःच्या हातांनी खाली घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला घरी पाठवून दिलं. मग ते हौद्याच्या काठावर बसले. हैबती उभाच.

"उचलताना काय आलं हुतं मनात?"

"ह्याला लागंल. पाठ फाटंल ह्याची."

"मग का उचललास?"

"तुमी सांगितलं म्हणून."

"आन् पाठ फाटली असती, तर त्याच्या आईला काय सांगितलं असतंस?"

हैबतीला रडू फुटलं. "तुमी सांगितलं म्हणून," तो पुन्हा म्हणाला.

आपण काय केलं असतं? बहुधा पोराला चार शब्द सुनावले असते. वस्तादांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं आणि त्याची कापलेली बोटं धोतराच्या सोग्यानं बांधली. बांधता बांधताच ते बोलत होते.

"रडू नगंस. तू चुकलास असं मी म्हणत न्हाई. तुझ्या वयाच्या पोरानं असंच वागायचं असतं, म्हणून तर त्याचा बोल आमच्यावर येतो. तुझ्या हातून जे वाईट होईल ते आज माझं पाप हाय. फौजेत बी हुकूम असतो बघ. त्याला मी नावं ठेवत न्हाई. हुकूम पाळल्याबिगर फौज चालंल कशी? पण जाणता गडी हुकूम पाळतो तवा आधी मनाशी ठरवतो, की हे मी करतोय, आन् ह्याचं काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर. मागनं कुणी विचारलं तर 'मी केलं' म्हणतो. त्याला न्हाई बी म्हणता आलं असतं, पण तो व्हय म्हणाला. तुला अजून न्हाई म्हणताच येत न्हाई, मग तुझ्या व्हयाला काय किंमत? दंड भरायला दोन वर्सं पुरतात. हे भरायला थोडा जास्त वेळ लागतो. उद्या मी खोटं वय सांगितलं, तर जे वझं आज माझ्या डोक्यावर हाय, ते मी तुझ्या डोक्यावर टाकीन, आन् ते तू कुठंतरी लांब, एकटा वाहशील."

हैबतीनं ऐकून घेतलं. पटलं का? थोडं पटलं, थोडं नाही. सोळाव्या वर्षी एवढंच पटतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या तालमीनं बसून माती चाळली. हैबती सगळ्यात शेवटी उठला. जाता जाता म्हणालाच, "तरी पण मला जायचंय, वस्ताद."

"जा की. कोण नगं म्हणतंय?" म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे पोरांची रांग लागली. हैबतीची आई पदर तोंडाशी धरून लांब उभी होती. सुभेदारांनी हैबतीची छाती मोजली, उंची मोजली, दात पाहिले आणि खूश होऊन वस्तादांकडे वळले. "काय वस्ताद, पुरा झालाय ना हा?"

वस्ताद हैबतीकडे वळले. तालमीत हुकूम सोडायचा तोच त्यांचा आवाज. "हैबती, सांग साहेबांना. अठरा पुरी."

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. हैबतीच्या कानशिलाला घाम फुटला. समोर सुभेदार, त्यांच्या मागे उघडी वही घेऊन बसलेला कारकून, आणि एका शब्दावर मिळणारी ती वर्दी. शिवाय आज्ञा प्रत्यक्ष वस्तादांची. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं.

"न्हाई वस्ताद," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून त्यानं पुन्हा एकदा म्हटलं, "न्हाई. सोळा."

सुभेदार चक्रावले. "खरं कोणाचं मानायचं?"

"पोराचं," वस्ताद म्हणाले. "खोटं मी बोलाय लावलं. त्याचा दोष माझा." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

सुभेदार कडक माणूस, पण मनापासून हसले. "वस्ताद, असला पोरगा तर मला आजच हवा!"

"साहेब, आज पैल्यांदा न्हाई म्हणालंय ते. जरा सवय होऊ द्या त्याला. दोन वर्सांनी तुमच्यापुढं मीच आणून उभा करतो, तवा बी त्याला यायचं असंल तर."

परतीच्या वाटेवर आई पुढे चालली होती. आजवर काहीही न विचारणारा हैबती आज एकामागून एक प्रश्न विचारत होता. खापऱ्याच का, सोपानाच का, सुभेदार रागावले असते तर काय, असं बरंच काही. वस्ताद कधी उत्तर देत होते, कधी नुसते हुंकार. अखेर तो वाटेत थांबला.

"आन् वस्ताद, मी भिऊन व्हय म्हणालो असतो तर?"

"तर न्हाई मी म्हणालो असतो," वस्ताद म्हणाले. "तुला जमंपर्यंत तेवढं काम आमचंच हाय."

म्हाताऱ्याच्या खांद्यावरची पिशवी हैबतीनं आपल्या हातात घेतली आणि दोघं चालू लागले.