घरच्यासारखे बसा

एकदा एका तालुक्याच्या गावी मुकुंद नावाचा एक तरुण वडिलांच्या मागे त्यांचे चित्रपटगृह चालवीत होता. लोक आता हवा तो चित्रपट हवा तेव्हा घरीच पाहू लागले होते. मुकुंदाने विचार केला, 'लोकांना घर आवडते ना? मग मी इथेच घर करतो.' जुन्या खुर्च्या काढून त्याने मऊ कोच आणले, कोचाकोचांमध्ये जाड कापडाचे आडोसे लावले आणि दाराशी फळ्यावर खडूने लिहिले : 'घरच्यासारखे बसा.'

तरी गर्दी वाढली नाही. एकदा आलेले पुन्हा येईनात. शेवटी धान्याचे एक व्यापारी ती जागा कोठारासाठी मागायला आले. "शनिवारचा खेळ झाला की मापं घेतो," म्हणाले. मुकुंद हो म्हणून बसला, पण त्याला अन्न गोड लागेना. लहानपणी ज्यांच्या कीर्तनात तो झांजा वाजवीत असे, त्या वृद्ध गुरुजींकडे तो गेला.

"शेवटचा खेळ आहे, गुरुजी. तुमच्यासाठी सगळ्यात मऊ कोच ठेवतो."

"मऊ नको रे, मी घोरतो," गुरुजी म्हणाले. "पण येतो."

शनिवारी दुपारी जेमतेम पंधरावीस माणसे आली. चित्रपट विनोदी होता, पण आडोशांमागून एखादे हसू यायचे आणि खोकल्यासारखे विरून जायचे. व्यापारी टेप हातात धरून भिंतीशी बसले होते.

मध्यंतर झाले, दिवे लागले, आणि गुरुजी उठून एकेक आडोसा काढू लागले!

"अहो गुरुजी, हे काय? महागाचं कापड आहे ते!"

"म्हणून तर घडी घालून ठेवतोय."

मग त्यांनी सगळ्यांना मधल्या कोचांवर आणून दाटीने बसवले. "सरका हो जरा. शेठ, तुम्हीपण या. भिंत काही पळून जात नाही." माणसे कुरकुरली. एकाने शेंगांची पुडी सोडली होती. आता लपवणार कुठे? त्याने ती शेजाऱ्यापुढे केली.

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिल्यांदा एक आजीबाई हसल्या. त्यांना पाहून शेजारचा हसला, त्याला पाहून मागचे, आणि हसता हसता शेठजींच्या हातातली टेप खाली पडली. पुढे नायिकेचा बाप घर सोडून निघाला तेव्हा सगळे गप्प झाले. आजीबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईच्या हातावर हात ठेवला. आठवडाभर तोच चित्रपट पाहून कंटाळलेला मुकुंद दाराशी उभा राहून डोळे पुसत होता.

"गुरुजी, चित्रपट तर तोच," खेळ संपल्यावर तो म्हणाला, "मग असं कसं झालं?"

गुरुजी म्हणाले, "कीर्तनात पूर्वरंग संपला की आपण थांबतो, सगळ्यांना बुक्का लावतात. लोकांना वाटतं, बुवा दम खातात. तेही खरंच आहे. पण तेवढ्यात माणसं मान वळवून बघतात, कोण कोण आलंय. मग उत्तररंग एकेकट्याला सांगावा लागत नाही. घरी पाहणं काही वाईट नाही, बाळ. गुडघे दुखतात तेव्हा सूनबाई लावून देते, मीही आवडीने बघतो. पण घरच्यासारखंच हवं असतं तर माणूस चपला घालून इथवर कशाला येईल? त्याला शेजार दे. किती येतील, ते मला सांगता येणार नाही. पण येतील ते एकटे बसू नयेत, एवढं तुझ्या हातात आहे."

शेठजी कोचाखालून टेप काढत होते. "काय मुकुंदराव, मापं पुढच्या शनिवारी घ्यायची का?"

"या की पुढच्या शनिवारी," मुकुंद म्हणाला. "टेप मात्र घरी ठेवा, आणि काकूंना घेऊन या."

शेठजी हसले. "तिला पुढची जागा लागते हो."

मुकुंद ओला फडका घेऊन दाराशी गेला. फळ्यावरचे 'घरच्यासारखे' त्याने पुसून टाकले. 'बसा' एवढे राहू दिले.